पियानिस्ट व्हायचंय? मुंबईतले पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

मी दादरला पियानो शिकवते. माझ्याकडे येणारी बरीच मुलं मराठी घरांतली आहेत. घरात पेटी असते, नाट्यसंगीत कानावर पडलेलं असतं, पण पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीला घरातलं कुणी कधी गेलेलं नसतं. मूल चांगलं वाजवू लागलं की आईबाबांना प्रश्न पडतात आणि ते पडायलाच हवेत, कारण पुढचा रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगते. परीक्षांनी पियानिस्ट घडत नाही. ऐकून ऐकून कान तयार व्हावा लागतो आणि लोकांसमोर वाजवायची सवय लागावी लागते. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच पुन्हा येईल.

मैफलीचा पियानिस्ट नेमकं काय करतो?

बाख, मोत्झार्ट, बेथोव्हन, शोपाँ यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलेल्या रचना तो रंगमंचावर सादर करतो. कधी एकट्याने, म्हणजे तास-सव्वा तासाचं वादन आणि मध्ये मध्यंतर. कधी ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चेर्तो, म्हणजे एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना, साधारण अर्धा-पाऊण तासाची. कधी व्हायोलिन, चेलो किंवा गायकाच्या जोडीने. एकट्या पियानोवर अख्खी मैफल करायची प्रथा पियानिस्ट आणि संगीतकार फ्रांझ लिस्टने १८३९-४०च्या सुमाराला रुजवली. त्याआधी एकाच संध्याकाळी गाणं, व्हायोलिन, ऑर्केस्ट्रा असं सगळं मिळून व्हायचं.

हिंदी सिनेसंगीतात किंवा हॉटेलात पियानो वाजवणारे काही कमी प्रतीचे नाहीत. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांचं वाचन इतकं पक्कं होतं की समोर ठेवलेला कागद ते पहिल्याच नजरेत वाजवत. त्यांचं काम वेगळं, इतकंच.

मुलाला पेटी येते. पियानो सोपा जाईल ना?

काही बाबतींत जाईल. सूर ओळखीचे असतात, बोटांना पट्ट्यांची सवय असते. अडतं ते डाव्या हातापाशी. पेटीवर डावा हात भाता सांभाळतो. पियानोवर त्याला उजव्याइतकंच काम असतं, आणि बाखच्या रचनेत तर दोन्ही हात एकाच वेळी दोन स्वतंत्र चाली गात असतात.

दुसरा फरक आवाजाचा. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की लोकरी नमद्याचा हातोडा तारेवर आदळून लगेच मागे येतो आणि त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. एकदा उमटलेला सूर वाढवता येत नाही, मींड घेता येत नाही. पट्टी किती वेगाने खाली जाते, कधी सुटते आणि पायाखालचं पेडल कधी उचललं जातं, एवढंच वाजवणाऱ्याच्या हातात असतं. तेवढ्यावर गाण्याचा भास निर्माण करायचा, यात सगळी विद्या आहे.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

पाच ते आठ या वयात केली तर उत्तम. मैफलीच्या वाटेने जाणारे बहुतेक जण याच वयात सुरू करतात. बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू केलेल्यांनाही सुंदर वाजवता येतं, मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या वाटेवर त्यांना वेळ कमी पडतो. चाळिशीत सुरू करणाऱ्यांनी हा प्रश्न मनातूनच काढून टाकावा आणि खुशाल शिकावं.

ग्रेड आठ झाली. आता मूल पियानिस्ट झालं का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून सर्वांत जास्त वाईटही याचंच वाटतं, म्हणून नीट सांगते.

आपल्याकडे मुख्यतः ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा चालतात. पहिली ते आठवी अशा ग्रेड आणि त्यापुढे डिप्लोमा. परीक्षा चांगल्या आहेत. त्यांनी शिस्त लागते, आणि एबीआरएसएममध्ये सहावीपासून पुढच्या वादन परीक्षेला बसण्याआधी थिअरीची पाचवी पास व्हावी लागते, त्यामुळे वाचनही पक्कं होतं. तक्रार आहे ती आपण त्या कशा देतो याबद्दल. वर्षभर मूल तेच तीन-चार तुकडे घोटतं, परीक्षा झाली की ते टाकून देतं आणि पुढच्या ग्रेडचं पुस्तक उघडतं. आठवी ग्रेड पास झालेल्या मुलाला पाहुण्यांनी ‘काहीतरी वाजव’ म्हटलं तर वाजवायला काही नसतं. हाताशी तयार रचनांचा संच नसेल तर त्याला वादक कसं म्हणायचं?

परदेशातल्या चांगल्या संगीत विद्यापीठाच्या प्रवेशचाचणीला आठव्या ग्रेडच्या बऱ्याच पुढची तयारी लागते: बाखचा एखादा प्रेल्यूड आणि फ्यूग (ही जोडरचना असते), एक अख्खा अभिजात सोनाटा (तीन-चार भागांची रचना), शोपाँ किंवा लिस्टची एत्यूद (तंत्राचा कस पाहणारी रचना), एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक शैलीतली एखादी मोठी रचना. हे सगळं सहसा पाठ.

त्यामुळे ग्रेड जरूर द्या, पण दरवर्षी नको. मधली वर्षं वाचनाला, ऐकण्याला आणि परीक्षेत नसलेल्या रचनांना द्या. महिन्यातून एकदा घरातल्यांना बसवून मुलाला वाजवायला सांगा, आणि मध्येच चुकलं तरी थांबू देऊ नका.

रोज किती तास रियाज?

सहा-सात वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं पुरतात. पंधरा-सोळाव्या वर्षी, पुढे जायचं पक्कं असेल तर तीन ते चार तास. त्याहून जास्त वेळ बसणारे आहेत, पण शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना दिवसाला तीन तासांच्या वर बसू नका असंच सांगायचा. कान थकला की पुढचा रियाज नुसता बोटांचा होतो आणि चुकाच पक्क्या होतात.

कानाचा रियाज म्हणजे काय, ते एका ओळीवर दाखवते. मोत्झार्टचा सी मेजरमधला ५४५ क्रमांकाचा सोनाटा त्याने १७८८ साली नवशिक्यांसाठी म्हणून लिहिला. ट्यूशनला जाणारं प्रत्येक मूल तो वाजवतं. उजव्या हातात साधी चाल: सी, ई, जी, म्हणजे आपले सा, ग, प. डाव्या हातात सी-जी-ई-जी, सी-जी-ई-जी अशी अखंड लड. आता बघा, त्या लडीतला दर दुसरा सूर जी आहे आणि तो अंगठ्याने वाजतो. अंगठा जड असतो, म्हणून तो जी सतत ठोकल्यासारखा ऐकू येतो आणि वरची चाल झाकून टाकतो. मूल म्हणतं, ‘टीचर, सगळे सूर बरोबर आहेत.’ सूर बरोबर असतातच. मग मी त्याला डावा हात एकटा वाजवायला लावते, अंगठा पट्टीवरून न उचलता, जेमतेम ऐकू येईल इतका हलका. मग दोन्ही हात एकत्र. ज्या दिवशी ते मूल स्वतः थांबून ‘अंगठा परत मोठा झाला’ म्हणतं, त्या दिवसापासून ते पियानो वाजवायला लागलं असं मी धरते. याला कधी कधी महिने लागतात.

घरी कीबोर्ड आहे. चालेल का?

पहिले काही महिने. त्यानंतर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो तरी हवा. हलक्या पट्ट्यांवर शिकलेल्या बोटांना खऱ्या पियानोवर ताकद आणि ताबा दोन्ही कमी पडतात. पाचवी-सहावी ग्रेड ओलांडली आणि मूल टिकलं, की जमत असेल तर अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा खरा पियानो घ्या. नवा अपराइट काही लाखांना पडतो. जुना घ्यायचा तर ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्याला, सोबत नेल्याशिवाय पैसे देऊ नका. वरून चकचकीत पॉलिश केलेल्या पियानोच्या आत ट्यूनिंगच्या पिना धरणारी लाकडी फळी फुटलेली असेल, तर तो सुरात राहणारच नाही. मुंबईत वाद्यं बघायची तर धोबीतलावच्या फुर्तादोजपासून सुरुवात करा, १८६५ पासूनचं दुकान आहे.

पावसाळ्यात पियानोचं काय करायचं?

काळजी. भरपूर काळजी. पियानोला हवेतला दमटपणा साधारण ४० ते ६० टक्के असा आणि तोही स्थिर लागतो. आपल्याकडे जुलैत तो ८५-९०च्या आसपास असतो. दमट हवेने आतला लाकडी ध्वनिपट फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. थंडीत हवा कोरडी झाली की उतरतो. नमदा ओलावा धरतो, पट्ट्या अडकतात, तारांवर गंज चढतो. शिवाजी पार्क, वरळी, वांद्र्याला समुद्राकाठी राहणाऱ्यांकडे तर लवकरच.

वाद्य बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला टेकवून ठेवू नका. आत बसवायचा छोटा हीटर मिळतो, तो पावसाळाभर चालू ठेवा. एसी लावायचा तर थोडा वेळ गारठा आणि मग दिवसभर बंद असं करू नका, त्या चढउताराने जास्त नुकसान होतं. वर्षातून दोनदा ट्यूनिंग, त्यातलं एक पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर. जूनमध्ये केलेलं ट्यूनिंग गणपतीपर्यंतही टिकत नाही. नमद्याला कसर लागते, म्हणून ट्यूनर आला की पट्ट्यांखालून झाडून घ्यायला सांगा.

शेजारी तक्रार करतात.

अपराइटच्या मधल्या पेडलने तारा आणि हातोड्यांमध्ये कापडाची पट्टी येते, आवाज बराच कमी होतो. पियानोखाली जाड रबर किंवा गालिचा घाला, निम्मा त्रास जमिनीतून जाणाऱ्या आवाजाचा असतो. दुपारची झोप आणि रात्री दहानंतरची वेळ टाळा. आणि वर्षातून एकदा शेजाऱ्यांना घरी बोलावून मुलाला वाजवायला लावा, याचा उपयोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

सगळं पाठ का करायचं? समोर कागद ठेवला तर काय बिघडतं?

काहीच नाही. पाठ वाजवायची प्रथा पियानिस्ट क्लारा शुमान आणि लिस्ट यांच्या काळात रुजली. त्याआधी ते आगाऊपणाचं समजलं जायचं. थोर पियानिस्ट स्व्यातोस्लाव रिख्टर उतारवयात अंधारलेल्या सभागृहात, फक्त कागदावर पडणाऱ्या दिव्यात, पाहून वाजवत असे, आणि त्याच्या वादनाला कुणी कमी लेखलं नाही. प्रवेशचाचण्या आणि स्पर्धांमध्ये मात्र बहुतेक सगळं पाठच लागतं.

पाठांतर कुठवर जाऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे पोर्तुगालची पियानिस्ट मारिया जुआँव पिरेश. ॲमस्टरडॅमला श्रोत्यांसमोर चाललेल्या तालमीत ऑर्केस्ट्राने सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आलं की आपण मोत्झार्टचा भलताच कॉन्चेर्तो तयार करून आलो आहोत. तिच्या चेहऱ्यावरची भीती चित्रणात दिसते. ऑर्केस्ट्राचा संचालक रिकार्डो शाई वादन न थांबवता तिला धीर देत राहिला, आणि तिचा प्रवेश आला तेव्हा तिने तो कॉन्चेर्तो आठवून वाजवला. नुसत्या बोटांनी पाठ केलेलं असं वेळेला उभं राहत नाही. रचना कुठून कुठे जाते, कुठला स्वरमेळ कुठे बदलतो, हे डोक्यात बसलेलं असावं लागतं.

मैफलीच्या दिवशी कलाकार काय करतो?

आपल्या गायकाचा तानपुरा त्याच्याबरोबर प्रवास करतो. मैफलीचा मोठा ग्रँड पियानो, उदाहरणार्थ स्टाइनवे कंपनीचा ‘डी’, २७४ सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ पाचशे किलोंचा असतो. होरोवित्झ आणि झिमरमन यांच्यासारखे मोजके कलाकार स्वतःचं वाद्य घेऊन हिंडले. बाकी सगळे सभागृहात जो असेल तो वाजवतात.

म्हणून दुपारचे दोन-तीन तास अनोळखी वाद्याशी ओळख करून घेण्यात जातात. पट्ट्या किती जड आहेत, वरचे सूर टोचतात का, पेडल किती खाली गेल्यावर पकडतं, स्टूल किती उंच हवं. मग ट्यूनर बसतो. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एका सुरात आणायच्या असतात. सव्वादोनशेहून जास्त तारा, त्यांचा एकूण ताण सुमारे वीस टन. मध्यंतरातही तो येऊन उतरलेले सूर पुन्हा लावून जातो. त्याच्याशी आदराने बोलायला मुलांना लहानपणापासून शिकवा.

ऑर्केस्ट्राबरोबर असेल तर एक किंवा दोनच तालमी मिळतात, म्हणजे तयारी घरूनच पूर्ण करून यावं लागतं.

शिकायला परदेशी जावंच लागतं का?

मैफलीची कारकीर्द करायची असेल, तर आज तरी हो. मुंबईत चांगले शिक्षक आहेत, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कला केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची संगीत अकादमी आहे, मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन १९९५ पासून मुलांना शिकवतं. चेन्नईत के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. पाया इथे घालता येतो. पण रोज आपल्याहून चांगलं वाजवणाऱ्या वीस जणांत बसणं, दर आठवड्याला मैफली ऐकणं, ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची संधी मिळणं, हे व्हिएन्ना, मॉस्को, लंडन, बर्लिनला जितकं मिळतं तितकं इथे मिळत नाही.

खर्चाची भीती रास्त आहे, पण चौकशी न करता मागे फिरू नका. जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी फी नाही किंवा कमी आहे. राहण्याचा खर्च दाखवावा लागतो आणि जर्मन शिकावं लागतं. फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कुणाकडूनच शिकवणी फी घेत नाही, मात्र तिथे मोजक्याच विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. दहावीला निर्णय घ्यायची घाई नको. बारावी करून, पदवीसाठी जाणं जमतं. दहावीच्या वर्षी पियानो पूर्ण बंद मात्र करू नका. दिवसाला एक तास ठेवा, गेलेला हात परत आणायला फार वेळ जातो.

स्पर्धा जिंकल्या की काम होतं ना?

एखादी मोठी जिंकली तर दारं उघडतात. वॉर्सॉची शोपाँ स्पर्धा १९२७ पासून चालू आहे आणि साधारण दर पाच वर्षांनी होते. मॉस्कोची पहिली चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ साली टेक्ससच्या तेवीस वर्षांच्या व्हॅन क्लायबर्नने जिंकली, तीही शीतयुद्धाच्या ऐन भरात. क्लायबर्नच्याच नावाच्या स्पर्धेत २०२२ साली कोरियाचा युनचान लिम अठराव्या वर्षी पहिला आला. पण प्रत्येक स्पर्धेत पहिला एकच असतो, आणि दुसऱ्या फेरीत बाद झालेल्यांतले कितीतरी जण पुढे उत्तम कलाकार होतात. स्पर्धेचा खरा फायदा म्हणजे दोन-तीन मैफलींचा संच एकाच वेळी तयार ठेवायची सवय लागते.

पोट भरतं का?

केवळ मैफलींवर जगणारे जगभरात थोडे आहेत. बाकीचे शिकवतात, गायकांना आणि वाद्यांना साथ करतात, परीक्षांना साथ करतात, ध्वनिमुद्रणं करतात, नृत्यशाळांसाठी वाजवतात. मुंबईत शिकवण्याला मागणी भरपूर आहे आणि मन लावून शिकवणाऱ्याचं घर नीट चालतं. याला पडती बाजू समजू नका. बाख, शोपाँ, लिस्ट, क्लारा शुमान, सगळ्यांनी आयुष्यभर शिकवलं.

मुलीचे हात लहान आहेत.

आलिसिया दे लारोचा पाच फुटांहून कमी उंचीची होती आणि जगातल्या थोर पियानिस्टांत तिची गणना होते. तिने बोटं रुंद करण्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. काही रचना लहान हाताला त्रासाच्या असतात, त्या निवडू नयेत. निवडायला बाकी पुष्कळ आहे.

हात दुखतो, तरी रियाज चालू ठेवावा का?

नाही. त्याच क्षणी थांबा. थकवा वेगळा आणि दुखणं वेगळं. दुखणं दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरकडे जा, आणि शिक्षकांना बसण्याची उंची, मनगट आणि खांदे तपासायला सांगा. संगीतकार रॉबर्ट शुमानची पियानिस्ट म्हणूनची कारकीर्द उजवा हात बिघडल्यामुळे संपली. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटं १९६०च्या दशकाच्या मध्यात आपोआप आत वळू लागली. तेव्हा तो पस्तिशीत होता आणि ऐन बहरात होता. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्याने डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, शिकवलं, ऑर्केस्ट्रा चालवले, आणि उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवलं. डाव्या हाताच्या रचनांमध्ये राव्हेलचा कॉन्चेर्तो आहे, तो पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी लिहिलेला. कुठलाही शिक्षक ‘दुखू दे, त्यानेच ताकद येते’ म्हणाला तर शिक्षक बदला.

रंगमंचाची भीती जाते का?

पूर्ण जात नाही. होरोवित्झ १९५३ ते १९६५ मैफलींपासून दूर राहिला. ग्लेन गूल्डने १९६४ साली, एकतिसाव्या वर्षी, मैफली कायमच्या सोडल्या आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओत काढलं. मार्था आर्गेरिचने १९८०च्या दशकापासून एकटीने मंचावर बसणं जवळजवळ थांबवलं, ती इतरांच्या सोबतीने वाजवते. भीती असणं म्हणजे नालायक असणं नव्हे, हे मुलांना ही नावं घेऊन सांगा. उपाय एकच मला माहीत आहे: पुन्हा पुन्हा, लहान लहान श्रोत्यांसमोर. आजी-आजोबा, शाळेचं संमेलन, सोसायटीचा हॉल.

मुंबईत या संगीताला परंपरा आहे का, की हे उपरंच?

आहे, आणि चांगली जुनी आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा, ऑर्केस्ट्रा संचालक झुबिन मेहता, याच शहरात वाढला आणि १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेला. पियानिस्ट ऑल्गा क्रेन यांनी इथे वाजवलं आणि शिकवलं. मूळच्या मुंबईच्या मारियालेना फर्नांडिस व्हिएन्नात पियानिस्ट आणि अध्यापक म्हणून नावारूपाला आल्या. २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. पारशी, गोवन आणि ईस्ट इंडियन घरांनी ही परंपरा जपली. मराठी घरं तिच्यात उशिरा आली, पण आमची मुलं आता येत आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

कुठे ऐकायचं, आणि टाळ्या कधी वाजवायच्या?

नरिमन पॉइंटचं एनसीपीए ही मुख्य जागा. तिथलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ साली पुन्हा सुरू झालं, तिथेही कार्यक्रम होतात. काही कार्यक्रम विनामूल्य असतात, वर्तमानपत्रावर आणि संस्थांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

आधी घरी ती रचना दोन-तीनदा ऐकून जा. सोनाटा किंवा कॉन्चेर्तो तीन-चार भागांचा असतो, मधल्या शांततेत टाळ्या नकोत. शंका असेल तर कलाकार हात मांडीवर ठेवून श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबा. वेळेवर पोहोचा, दार बंद झाल्यावर पहिली रचना संपेपर्यंत आत सोडत नाहीत. आणि मुलाला नेणार असाल तर तिकीट मंचाकडे तोंड केल्यावर डावीकडच्या खुर्च्यांचं काढा. तिथून कलाकाराचे हात दिसतात.